सतरा नंबरचा जबडा

५ मार्च

मिळाली! चौतीसच्या चौतीस मुलांच्या जबड्यांची क्ष-किरण चित्रं मिळाली! सकाळपासून जिना चढताना पायऱ्या दोन-दोन घेतेय.

त्सेंग सरांनी कपाटाचं कुलूप काढून डबा हातात दिला आणि म्हणाले, "पंधरा वर्षं सांभाळलंय. सांडू नकोस." सांडायला ते काय दूध आहे? पण मी मुकाट मान डोलावली. वर्षभर त्यांच्या मागे लागले होते, आता वाद कोण घालणार!

प्रश्न एवढाच आहे. मुलाचा वरचा जबडा अरुंद असला की आम्ही टाळूला स्क्रू बसवतो. घरी आई किल्लीने तो पाव-पाव फेरा फिरवते. टाळूची मधली शिवण उघडते आणि जबडा रुंद होतो. इथवर ठीक. पण खालच्या जबड्याचं काय? त्याची दोन बोंडं दोन्ही कानांपुढच्या खोबणींत बसलेली असतात. वरचं घर रुंद झालं की ती बिचारी जातात कुठे? बिघडतात? सुधारतात? की त्यांना पत्ताच नसतो?

हे मोजलं नाही तर पदवी नाही. पण पदवीसाठीच मोजतेय असं इथे कशाला लिहू? मला हे अकरा वर्षांची असल्यापासून जाणून घ्यायचंय. तेव्हा माझ्याच टाळूला स्क्रू होता. सरांनीच बसवलेला. आणि तेव्हापासून मी तोंड मोठं उघडलं की उजव्या कानापुढे कट्ट वाजतं.

क्ष-किरणवाले ह्वांग दादा येऊन माझ्या कॉम्प्युटरवर नारळाच्या खाऊची हिरवी पुडी ठेवून गेले. "हिरवी असली की मशीन शहाण्यासारखं वागतं. पिवळी-लाल ठेवलीस तर तुझं तू बघ. आणि खायची नाही हं!" अख्ख्या तैनान शहरात अशी पुडी नसलेलं मशीन सापडायचं नाही. मी पुडीला नमस्कारसुद्धा केला. कोणी बघत नव्हतं.

६ मार्च

तीन मुलं मोजून झाली. एकतीस बाकी. डोळे चौकोनी झालेत.

७ मार्च

तुंगतुंग आली होती. वय नऊ. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, म्हणून चावताना तिची हनुवटी डावीकडे पळते. परवा-तेरवा स्क्रू बसवला. आल्या आल्या म्हणाली, "डॉक्तल ताई, माज्या तोंदात सायकल आहे!" टाळूवर स्क्रू असला की जीभ अशीच घसरते. मी हसू दाबलं. ती म्हणाली, "हसा ना, आई पण हसते." मग आम्ही तिघी हसलो.

किल्ली सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अठ्ठावीस वेळा फिरवली की झालं. तुंगतुंगने वहीत अठ्ठावीस मांजरं काढलीत. प्रत्येक फेऱ्याला एक मांजर रंगवते. मला असं काही सुचलं नव्हतं. माझ्या वेळी आई किल्ली फिरवताना माझ्यापेक्षा जास्त किंचाळायची.

९ मार्च

रविवार. आईची स्कूटर घेऊन बाजारात गेले. सिग्नलला शेजारी एक बाबा, त्याच्या पुढे फळीवर उभं एवढंसं पोर, हँडल धरून — आपणच गाडी चालवतोय असा तोरा! मीही अशीच उभी राहायची आईच्या गुडघ्यांमध्ये. सहा वर्षांची असताना आईने करकचून ब्रेक दाबला आणि माझी हनुवटी हँडलवर आपटली. दोन टाके! वर पपईचं दूध, एक नाही, दोन पेले. "आजीला सांगायचं नाही हं. जिन्यात पडलीस." दोन पेल्यांत मी काहीही कबूल केलं असतं. टाक्याची खूण अजून आहे, मास्कखाली दिसत नाही.

आजी म्हणजे बाबांची आई. आता ती नाही, पण आईला अजूनही तिचा भारी धाक. बाबा तेव्हाही जहाजावर असायचे, आजही असतात. त्यामुळे तेव्हा घरात त्या दोघी आणि मध्ये मी!

११ मार्च

फट पडली! तुंगतुंगच्या पुढच्या दोन दातांत अशी सुरेख फट पडली! म्हणजे टाळूची शिवण उघडली. तिच्या आईचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अहो, हीच तर खूण! ती आपोआप मिटते." तुंगतुंगने फटीतून पाण्याची पिचकारी मारली, थेट सरांच्या चष्म्यावर. सर म्हणाले, "नेम चांगला आहे." मी हसून हसून बसलेच.

हसता हसता माझा कट्ट झाला. सरांनी ऐकलं.

१३ मार्च

आईच्या दुकानाविषयी लिहायचं राहिलंच. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तिचं सकाळच्या न्याहारीचं दुकान आहे — अंडापोळ्या, मुळ्याच्या वड्या, सोयाबीनचं दूध. निम्मं हॉस्पिटल तिथे जेवतं. सर पंधरा वर्षांत एकदाही गेले नाहीत, कोणाला तरी पाठवून मागवतात. पण "मिरपूड जास्त, सॉस नको" असं सांगणारा अख्ख्या हॉस्पिटलात एकच माणूस. आई ऑर्डर ओळखते आणि आत तिखट असं सारते, असं सारते! तिच्या लेकीचा जबडा त्यांच्या स्क्रूने बिघडवला ना, त्याची शिक्षा. सर डोळे पुसत पुसत खातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवतात. मला या दोघांचं काही कळत नाही.

१४ मार्च

शनी आलाय राशीला!

तुंगतुंगच्या आईचा फोन. किल्ली फिरवणं बंद केलं म्हणे, एकोणीस मांजरांवर. का? तर काल सकाळी अंडापोळी खायला बसल्या होत्या माझ्या आईच्या दुकानात. बोलता बोलता मुलीच्या स्क्रूचा विषय निघाला. आणि मातोश्रींनी पीठ पसरता पसरता ऐकवलं, "काढून टाका बाई तो. माझ्या पोरीचा असाच सांधा गेला. तुमच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांचंच तोंड वाजतं, विचारा हवं तर!"

धावत दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोरच जुंपली.

"आई, तू कोणाला काय सांगतेस?"

"खरं तेच. खोटं बोलले? आ कर."

"मी नाही आ करणार!"

"बघा, बघा," आई गिऱ्हाइकांना, "जांभई आली की कट्ट! स्क्रूच्या आधी वाजत होतं का कधी?"

आधी वाजत होतं का, मला आठवत नाही. आणि "स्क्रूने सांधा बिघडत नाही" असं शपथेवर सांगायला अजून माझ्याकडे आकडाच नाही. सहा मुलं मोजलीत फक्त!

सरांकडे गेले. म्हणाले, "मग मोज." म्हणाले, स्क्रू तोंडात आहे तोवर महिनाभर निभेल, पुढे मधली फट हाडाने भरत जाईल आणि मग पोरीला दुखेलही जास्त. तुंगतुंगच्या आईला मी हात जोडले. आठ एप्रिलपर्यंत थांबते म्हणाल्या. तोवर पटलं तर फिरवू, नाहीतर काढून टाका.

म्हणजे माझ्याकडे साडेतीन आठवडे आहेत. आणि तुंगतुंगची हनुवटी अजून डावीकडे.

१५ मार्च

नऊ मुलं. जेवण उभ्याने.

१८ मार्च

आजचा दिवस फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखा!

अकरा मुलं पूर्ण. मी हात धुवायला गेले. परत येते तर सर माझ्या खुर्चीत, चेहरा लालबुंद, आणि हातात — हिरवी पुडी! फोडलेली! अर्धी संपलेली!

"सर!!"

"तुझ्या आईने आज हद्द केली," सर श्वास घेत म्हणाले. "जिभेला काहीतरी हवं होतं."

आम्ही दोघांनी एकदमच कॉम्प्युटरकडे बघितलं. पडदा निळा. मग काळा. अकरा मुलांची मापं गेली! बावीस सांधे, आधीचे आणि नंतरचे, सगळे गेले.

ह्वांग दादा आले, पुडी बघितली आणि सरांना — विभागप्रमुखांना! — म्हणाले, "लहान आहात का तुम्ही?" सर मान खाली घालून उभे. मी हिरव्या पुड्या आणायला पळाले. कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त पिवळ्या. दुसऱ्यात लाल. तिसऱ्या दुकानात मला तीन हिरव्या मिळाल्या आणि मी दुकानदाराला इतक्या वेळा धन्यवाद म्हटलं की तो घाबरला. एक कॉम्प्युटरवर, एक क्ष-किरणाच्या मशीनवर, एक सरांच्या टेबलावर. ही खायची, असं ह्वांग दादांनी वर लिहून ठेवलं.

आईला सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. आमचं भांडण चालू आहे हे आम्ही दोघी विसरलो.

२२ मार्च

पुन्हा वीसपर्यंत आले. आता रोज दोन ठिकाणी साठवून ठेवते.

सतरा नंबर वेगळाच निघाला. बाकीच्यांची बोंडं गोल, याचं उजवं चपटं आणि आखूड. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही चित्रांत तसंच. म्हणजे स्क्रू बसवण्याआधीपासूनच. चित्रात फक्त सांधे ठेवलेत. दात, नाक, नाव सगळं कापलेलं, त्यामुळे मुलगा की मुलगी तेही कळत नाही. सरांना दाखवलं.

"जुना मार," सर म्हणाले. "हनुवटीवर पडलं असणार. पोरं पडतात. घरचे हनुवटीला टाके घालून आणतात आणि गोष्ट संपली म्हणतात. कानापुढे बोंड मोडलंय हे कुणी बघत नाही. ते आपलं आपण जुळतं, पण आखूड."

मग ते कितीतरी वेळ चहा ढवळत बसले. सर बिनसाखरेचा चहा घेतात.

वहीत लिहिलं — सतरा: बिचारं पोर.

२५ मार्च

अठ्ठावीस! तुंगतुंगने फोनवर विचारलं, "माजी मांजलं पांढलीच लाहणाल का?" नऊ मांजरं रंगवायची राहिलीत. नाही राहणार म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे!

२९ मार्च

संपलं! चौतीस मुलं, तीन-तीन वेळा, एकशे छत्तीस बोंडं! आणि मी काय पाहिलं!

ज्यांचा चावा तुंगतुंगसारखा एका बाजूला घसरलेला, त्यांची दोन बोंडं सुरुवातीला खोबणीत सारखी बसलेली नव्हती. एक मागे, एक पुढे. स्क्रूनंतर? जवळजवळ सारखी! वरचं घर रुंद झालं आणि खालचा जबडा मधोमध येऊन बसला, खुर्ची मिळाल्यावर माणूस नीट बसतो तसा. इतर मुलांत थोडीशी हालचाल, तीही दोन्ही बाजूंना सारखी. बिघडलेलं एकही बोंड नाही! एकही!

मी मोजण्याच्या खोलीत नाचले. सर दारात उभे. "चौतीस मुलं. स्क्रूनंतर सहाच महिन्यांचा हिशेब. यावर जगाला छातीठोक सांगता येत नाही. नाचू नकोस."

"थोडं नाचू?"

"थोडं नाच."

१ एप्रिल

अजून हसतेय. हसता हसता लिहितेय, म्हणून अक्षर असं.

मोजणी पुरी झाली, म्हणून नावांची यादी उघडली. वय भरायला जन्मतारखा हव्या होत्या. सतरा नंबरसमोर माझी जन्मतारीख! माझं नाव! ल्याव शिन-पेई, वय अकरा!

बिचारं पोर मीच! स्वतःचाच जबडा तीनदा मोजला आणि स्वतःचीच कीव केली!

सरांकडे धावले. "तुम्हाला माहीत होतं!" ते म्हणाले, "तुला माहीत असतं तर तू खरं मोजलं असतंस का?"

आणि याचा अर्थ कळला ना? माझं बोंड आधीच मोडलेलं होतं! स्क्रू निर्दोष! सर निर्दोष! पंधरा वर्षं त्या माणसाने फुकट तिखट खाल्लं! उद्या आईसमोर दोन्ही चित्रं ठेवणार आणि म्हणणार — आता एक अंडापोळी करा, सॉस नको, तिखट नको, सोबत माफी! तुंगतुंगच्या आईलाही सांगणार. आता का नाही पटणार?

२ एप्रिल

माझा जुना कागद बघायला काढला, आनंदानेच. सरांचं पंधरा वर्षांपूर्वीचं अक्षर. "हनुवटीवर मार लागल्याचा इतिहास: नाही. (आई व आजीला विचारले.)"

आजीसुद्धा होती. आईच्या शेजारच्या खुर्चीत.

दोन पेले पपईचं दूध. जिन्यात पडलीस.

हे मला काल का नाही सुचलं? मी दंतवैद्य ना?

सर म्हणाले, "मला शंका होती. विचारलं. नाही म्हणाल्या. सासूसमोर बसलेल्या बाईला मी आणखी किती विचारणार?" मग म्हणाले, "तिखट एवढं काही वाईट नसतं."

आईला दाखवणार नाही. कशी दाखवू? ती पहाटे उठून पीठ भिजवते, मला पोळी देताना अजून बारीक तुकडे करून देते — जबड्याला त्रास नको म्हणून. स्क्रूवर राग आहे तोवर तिला रात्री झोप लागते. आणि मी तिला म्हणू, स्क्रू नव्हता आई, ब्रेक होता?

३ एप्रिल

तुंगतुंगच्या आईला चौतीस मुलांचे आकडे दाखवले. नावं नाहीत, फक्त आकडे. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "बाकी सगळी मुलं ठीक, डॉक्टर. पण तुमच्या आई तर समोर बसून सांगतात. तुमचं काय झालं मग?"

मी म्हटलं, "माझं... वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे?"

तोंड उघडलं. कट्ट वाजलं. बंद केलं.

त्या उठल्या. आठ तारखेला काढून टाकू म्हणाल्या. तुंगतुंग वही छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे बघवेना.

५ एप्रिल

पितरांचा दिवस. आजीच्या कबरीवर गेलो, मी आणि आई. गवत कापलं, कबरीवर रंगीत कागद दगडांनी दाबून ठेवले, आजीच्या आवडीच्या मुळ्याच्या वड्या मांडल्या. डोंगरावर ही गर्दी! शेजारच्या कबरीवरच्या कुटुंबाने आमचा कोयता नेला तो परतच दिला नाही, मग आईने त्यांच्या केळ्यांतलं एक उचललं. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर हसले.

जेवण झालं का हे आजीला दोन नाणी टाकून विचारतात. एक छापा, एक काटा पडला की हो. पहिल्याच फेकीला हो आलं. मी आवरायला लागले. तर आई पुन्हा गुडघ्यांवर! डोळे मिटलेले, ओठ हलतायत, नाणी टाकतेय. दोन्ही काटे. नाही. पुन्हा. दोन्ही छापे. म्हणजे आजी हसतेय. पुन्हा. नाही. मी मोजलं, सहा वेळा!

"आजीचा जीव खातेस तू. काय विचारतेस एवढं?"

"तुला काय करायचंय? वड्या भर."

सातव्या वेळी एक नाणं घरंगळत माझ्या बुटापाशी आलं. काटा. तिच्यापाशी छापा. आईने ते उचललं, पुसलं, कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवलं. मग उठली आणि परत येताना स्कूटर मलाच चालवायला दिली. एरवी देत नाही! उतारावर मी गाणं म्हणत होते. मागे आईचे दोन्ही हात माझ्या कमरेला घट्ट.

७ एप्रिल

नवल! सरांची अंडापोळी आज तिखट नव्हती! सरांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, पोळी उलगडून आत बघितलं आणि घाबरून मला विचारलं, "तुझ्या आईला बरं नाही का?"

उद्या आठ तारीख. पक्कड काढून ठेवली. मला नकोय ती हातात धरायला.

८ एप्रिल

पक्कड वापरली नाही. तुंगतुंगच्या आईने माझ्यासमोर किल्ली फिरवली, विसावं मांजर हिरवं झालं. कसं काय, विचारलं. म्हणाल्या, "काल तुमच्या आई घरी आल्या होत्या. दारातच म्हणाल्या — स्क्रूने नाही, माझ्या स्कूटरने. तेव्हा सासूबाईंसमोर डॉक्टरांशी खोटं बोलले मी."

मी आईला सतरा नंबरविषयी एक अक्षर बोलले नव्हते.